सात नंबरची ढोली

“ताई, अजून एक द्या!”

वरून आवाज आला. मी जांभळीखाली उभी होते. हातात लाकडी स्टँड आणि त्यात टोकाला कापूस गुंडाळलेल्या काड्यांच्या वीस नळ्या. वर, दोन पुरुष उंचीवर, रुक्मिण देवकते फांदीवर पालथी पडली होती. ओढणी कमरेला आवळलेली, तोंडाला रुमाल, चपला खाली बुंध्याशी. तिचा उजवा हात कोपरापर्यंत झाडाच्या ढोलीत गेला होता.

“एका स्वॅबमध्ये होत नाही का?” मी विचारलं.

“आत दोन कप्पे हायेत, ताई. मागच्या कप्प्यातलं लाकूड नुसतं भुसभुशीत झालंय. भाजलेल्या रव्यागत.”

“मॅडमनी एका ढोलीला एक सांगितलाय.”

“मग मॅडमलाच इचारा. त्या काय, तिथंच उभ्या हायेत.”

मी वळून पाहिलं. आमच्या विभागाच्या गॅलरीत डॉ. कालिंदी औसेकर कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून उभ्या होत्या आणि हसत होत्या. मोठ्यानं, मान मागं टाकून.

“प्रमिला, दे गं तिला! मागेल तेवढे दे!”

रुक्मिणनं वरून सुतळी सोडली. मी नळी बांधली. नळी डुलत डुलत वर गेली. त्या मेडिकल कॉलेजात मला चौदा वर्षं झाली होती. मॅडम चिडलेल्या मी पाहिल्या होत्या, थकलेल्या पाहिल्या होत्या, एकदा रडतानाही पाहिल्या होत्या. पण माझ्या कुठल्या कामावर अशा मान मागं टाकून हसलेल्या मला आठवत नव्हत्या.

याला आता तीस वर्षं होऊन गेली.

मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांची टेक्निशियन. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या हॉस्पिटलात मेंदूज्वराचे दोन रुग्ण दगावले होते. त्यांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी आमच्याकडं तपासायला आलं. त्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात काळ्या शाईचा एक थेंब मिसळला आणि मायक्रोस्कोपखाली धरला, तर काळ्याभोर आभाळात चंद्राला खळं पडावं तशा गोल पेशी दिसल्या. प्रत्येकीभोवती पांढरं वलय. ते एक यीस्ट होतं. यीस्ट म्हणजे बुरशीचीच एक जात, पण एकेका सुट्या पेशीची. आपण ज्यानं पाव फुगवतो त्याचं हे लांबचं भावंड. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत ते राहतं, धुळीबरोबर उडतं, आपल्या सगळ्यांच्याच श्वासातून आत जातं. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. ज्याचं अंग आतून खचलेलं आहे, त्याच्या मात्र ते मेंदूपर्यंत पोचतं.

पारव्यांचं कोडं राहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या कुठल्याही गच्चीवरून चमचाभर विष्ठा खरवडून आणावी, चार दिवसांत यीस्ट हजर. मॅडमना हवं होतं झाडातलं. जुन्या झाडांच्या ढोल्यांत, आतून कुजणाऱ्या लाकडात ते वाढतं असं त्यांनी वाचलं होतं. आमच्या भागात ते कुणी शोधलं नव्हतं. मी दोन वर्षं शोधत होते. नव्वदेक झाडं पालथी घातली. काही मिळालं नाही.

आमच्या विभागात एक रीत होती. काही नवं सापडलं की ते छोट्या बाटलीत जतन करायचं आणि ज्यानं नमुना आणला त्याची आद्याक्षरं बाटलीवर लिहायची. फ्रिजमध्ये तशा शंभरावर बाटल्या होत्या. डॉक्टरांची अक्षरं, विद्यार्थ्यांची अक्षरं; एका बाटलीवर तर सहा महिन्यांसाठी येऊन गेलेल्या मुलाची. पी. व्ही., म्हणजे प्रमिला वायचळ, अशी एकही नव्हती. त्या सगळ्या बाटल्यांतला मीडिया, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ते खाद्य, मात्र मीच शिजवलेला होता.

मग ऑक्टोबरात रुक्मिण आली. सहा महिन्यांची तात्पुरती ऑर्डर, खास झाडांच्या कामासाठी. धनगराची मुलगी, बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची. पहिल्याच दिवशी तिनं माझं रजिस्टर चाळलं आणि म्हणाली, “ताई, ह्या सगळ्या ढोल्या तुम्ही जमिनीवर उभं राहून घेतल्यात ना?”

“मग काय उडत जाऊन घ्यायच्या?”

“खालच्या ढोलीत वारा, ऊन, मुंग्या. लाकूड कोरडं पडतं. कुज वर ऱ्हाती, फांदी फुटती तिथं. मी चढत जाईन.”

मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “हे आपल्याला दोन वर्षांत सुचलं नाही, प्रमिला,” त्या म्हणाल्या.

‘आपल्याला’ म्हणाल्या खऱ्या, पण पाहत माझ्याकडं होत्या.

त्यानंतर दिवसभर एकच ऐकू यायचं. रुक्मिण कुठाय? रुक्मिणला विचार. रुक्मिण, चहा घेतेस का माझ्याबरोबर? मॅडमच्या केबिनमधल्या दुसऱ्या खुर्चीवर चौदा वर्षांत मी फार तर चारदा बसले असेन. ती मांडी घालून बसायची. बाहेर मी जंतू वाढवायच्या काचेच्या बशा, आमच्या प्लेटा, मोजत असायचे आणि आतून हसण्याचा आवाज आला की माझे आकडे चुकायचे. घरी आल्यावर मी भाकरी थापायचे ती परातीवर आपटूनच. मिस्टर म्हणाले, “कुणावर राग आहे?” मी म्हटलं, “पिठावर.”

आता मीडियाचं सांगते. त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

हे यीस्ट ओळखायला कारळ्याचा मीडिया वापरतात. तेच कारळे, ज्यांची आपण चटणी करतो. कारळे दळायचे, उकळायचे, मलमलीतून गाळायचे, थिजण्यासाठी त्यात आगर घालून प्लेटा ओतायच्या. दुसरी कुठलीही बुरशी, दुसरं कुठलंही यीस्ट त्यावर पांढरंच राहतं. हे एकच कारळ्यातलं काहीतरी उचलतं आणि तपकिरी होतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीत तपकिरी ठिपका दिसला की समजायचं, सापडलं. पण एक अट आहे. या मीडियात ग्लुकोज अगदी थोडं घालायचं, लिटरला एक ग्रॅम. आयतं गोड मिळालं की हे यीस्ट रंगाच्या भानगडीत पडतच नाही. पोट भरलेलं पोर जसं अभ्यासाला बसत नाही, तसं. बाकीच्या बुरशांसाठी जो नेहमीचा मीडिया करतात, त्यात मात्र लिटरला चाळीस ग्रॅम जातं.

झाडं हेरण्यात आणि त्यांना नंबर टाकण्यात आधीचे तीन महिने गेले. जानेवारीत रुक्मिणच्या झाडांसाठी मी पहिल्यांदा मीडिया केला. तराजूवर कागद ठेवला, ग्लुकोजचा डबा उघडला. एक ग्रॅम घातलं. मॅडमच्या केबिनचं दार उघडं होतं. आत रुक्मिण सांगत होती की लहानपणी झाडावरून पडली तेव्हा तिच्या आबांनी आधी खाली सापडलेल्या मेंढीची चौकशी केली. मॅडम हसून हसून खोकत होत्या.

मी चाळीस केले.

फेब्रुवारीत दुसऱ्यांदा मीडिया केला. तेव्हा केबिनचं दार बंद होतं. तरीही चाळीसच केले.

रुक्मिण रोज सकाळी इनक्युबेटर, म्हणजे प्लेटांचं उबेचं कपाट, उघडायची. तिसरा दिवस, पाचवा, सातवा, दहावा. पांढरं, पांढरं, पांढरं. सुरुवातीला ती गुणगुणत प्लेटा काढायची. नंतर गुणगुणणं थांबलं. रजिस्टरात प्रत्येक झाडापुढं ती ‘निरंक’ लिहायची, सुवाच्य अक्षरात. एकसष्ट झाडं झाली. केबिनमधलं हसणंही हळूहळू ओसरलं. मॅडमना परीक्षांचं काम होतं. प्लेटा बघायला त्या येत नव्हत्या, रजिस्टर बघायच्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली, “प्रमिला, चहा सांग. दोन.” आणि दुसऱ्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

तो चहा मी अजून विसरले नाही. आल्याचा होता.

“तिची ऑर्डर एकतीस मार्चला संपते,” मॅडम म्हणाल्या. “वर काही दाखवल्याशिवाय ते वाढवणार नाहीत. एक झाड सापडलं असतं तरी मी भांडले असते. गुणी मुलगी आहे गं. घरी गेली तर परत मेंढरांमागं.”

“हो ना,” मी म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

यातली पुढची गोष्ट मी का केली हे मला अजून धड सांगता येत नाही. वापरून झालेले स्वॅब ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून मग टाकायचे, हे काम माझं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस ट्रे माझ्याकडं आला. रुक्मिणनं जांभळीचा नमुना पुन्हा एकदा घेतला होता. नळीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘७ – मागचा कप्पा’. मी नळी हातात धरून उभी राहिले. मला जाणून घ्यायचं होतं. आत खरंच काही होतं का, की मी उगाचच पाप केलं? मी एक ग्रॅमचा, खरा मीडिया केला, एकच प्लेट ओतली आणि तो स्वॅब त्यावर फिरवला.

पाचव्या दिवशी प्लेटेवर तपकिरी ठिपके होते. अकरा. शाईत बघितले तर प्रत्येक पेशीभोवती वलय. रुंद, स्वच्छ.

मी दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले. दोन वर्षं मी जे शोधत होते ते माझ्यासमोर होतं आणि ते तिचं होतं. खिशात काचेवर लिहायची लाल पेन्सिल होती. बराच वेळ ती मी नुसती फिरवत राहिले. मग प्लेटेच्या मागं लिहिलं, ‘पी. व्ही.’

“शिडी लावून घेतला,” मी मॅडमना सांगितलं. “हॉस्टेलमागची जांभळ. म्हटलं, एकदा आपणही वरची ढोली बघावी.”

मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्याच नाहीत. डोळा लावून बसल्या होत्या आणि त्यांचा हात मागं येऊन माझा हात शोधत होता. सापडला तसा त्यांनी तो घट्ट दाबला. “चौदा वर्षं,” त्या म्हणाल्या. “अखेर तुझी बाटली.”

मग डोळा काढून म्हणाल्या, “पण आता रुक्मिणचं अवघड झालं. कायमची टेक्निशियनच झाडं करते म्हटल्यावर तात्पुरती माणसं कशाला, असं वरचे विचारतील. काय सांगू?”

मी काचपट्ट्या पुसायला घेतल्या.

“ते असो. नियम माहीत आहे ना? परत आलं तरच लिहायचं. उद्या माझ्यासमोर तू परत नमुना घे.”

दुसऱ्या दिवशी सत्तावीस तारीख होती. हॉस्टेलच्या वॉचमननं बांबूची शिडी दिली. मॅडम, मी आणि शिडी धरायला रुक्मिण. मॅडमनी तिला सकाळीच सांगितलं होतं. ती माझ्याजवळ येऊन “अभिनंदन, ताई” म्हणाली होती. डोळे सुजलेले होते.

मी नऊवारी नेसणारी नाही, पण त्या दिवशी साडीचा काचा मारला. सात-आठ पायऱ्या चढले आणि खाली बघितलं.

“खाली बघू नका, ताई,” खालून रुक्मिण म्हणाली. “पायरीकडं बी नको. झाडाकडं बघा. मी धरलंय.”

मी ढोलीपाशी पोचले. ढोलीच्या कडेला खडूनं लिहिलेलं होतं : ७. त्याखाली चार तारखा. ती चार वेळा इथं चढली होती.

“मॅडम,” खाली रुक्मिण बोलत होती, “ही तर माझीच सात नंबर. मी हिच्यातनं किती वेळा घेतलं. काहीच आलं नाही. माझाच हात कच्चा असंल.” मग तिनं मान वर केली. “ताई, तुम्ही स्वॅब कसा फिरवला? मी नुसता आत घालते आन् गोल फिरवते. तुम्ही खरवडलं का? सांगा की. मला शिकवा.”

कुणी ‘शिकवा’ म्हटलं की मला राहवत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. गल्लीतल्या पोरांना मी ओट्यावर बसवून भागाकार शिकवायचे, न सांगता. माझं तोंड उघडलंही. पण शिकवणार काय? मी तो स्वॅब त्या ढोलीत कधी फिरवलाच नव्हता.

समोर ढोली होती. आतून ओल्या लाकडाचा वास येत होता. मी त्या काळोखाकडं तोंड करून बोलले, म्हणून बोलता आलं.

“तुझा हात कच्चा नाही. मीडिया गोड होता. दोन्ही वेळा मी चाळीस घातले.”

मग रुक्मिण म्हणाली, “काय चाळीस?”

“ग्लुकोज,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी वर्गात शिकवताना असतो तसा होता. “एक ग्रॅम घालायचं असतं. जास्त झालं तर यीस्ट वाढतं, पण रंग येत नाही. तुझ्या प्लेटांवर ते असेलही. पांढरं असेल. तू कितीही बघितलं असतंस तरी तुला दिसलं नसतं.”

“आन् ती तुमची प्लेट?” रुक्मिणनं विचारलं.

“तुझाच स्वॅब होता,” मी ढोलीला सांगितलं.

शिडी हलली. मी दोन्ही हातांनी फांदी पकडली. एक क्षण वाटलं, सोडली हिनं. मग शिडी पुन्हा घट्ट झाली.

“ताई,” रुक्मिण खालून म्हणाली. आवाज कोरडा होता. “वर गेलाच हायेत तर स्वॅब घेऊन या. दोन कप्प्यांतले दोन. मागच्याला हात वाकडा घालावा लागतो.”

मी हात वाकडा घातला. लाकूड खरंच भाजलेल्या रव्यासारखं होतं.

खाली उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, “एकसष्ट झाडांच्या प्लेटा कुठं आहेत?”

“वाफवून टाकल्या.”

“रजिस्टरात एकसष्ट वेळा ‘निरंक’ लिहिलंय. ते खोटं आहे, प्रमिला. तिनं खरं समजून लिहिलं आणि मी सही केली.” मग त्या रुक्मिणकडं वळल्या. “तुझी तक्रार मी वर पाठवते. तू म्हणशील ते लिहीन.”

रुक्मिणनं दोन्ही नळ्या माझ्या हातातून घेतल्या, त्यांवर नंबर टाकला, तारीख टाकली. मग म्हणाली, “तक्रार करून मला काय मिळंल? चार दिवस राह्यलेत. मला माझी झाडं परत पाहिजेत.”

“एकसष्ट?”

“एकसष्ट. आन् शिडी ताईंनी उचलायची.”

प्रयोगशाळेत परत आल्यावर मॅडमनी माझी ती प्लेट तिच्यापुढं धरली. तिनं मान फिरवली. “नको. ती ताईंची हाय. माझी आली की बघीन.”

पुढचे तीन दिवस मी शिडी वाहिली. गावातली चिंच, वड, निलगिरी, न्यायालयाच्या आवारातली कडुनिंबं. ती पायरीवरून फांदीवर जायची आणि मी खाली धरून असायचे. बोलणं कामापुरतं. “द्या.” “घ्या.” “हलवू नका.” मीडिया मॅडमनी स्वतः शिजवला, अर्ध्या रात्री परीक्षांच्या पेपरांतून उठून. मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. एकतीस तारखेला संध्याकाळी शेवटच्या वीस प्लेटा इनक्युबेटरमध्ये गेल्या आणि साडेपाचला ऑफिसच्या क्लार्कनं रुक्मिणकडून अॅप्रन आणि किल्ली मागून घेतली. सही करून ती एस.टी. स्टँडकडं गेली. एकाही प्लेटेवर अजून रंग यायचा होता.

रंग तिच्यामागं आला. एक तारखेला जांभळ, तीनला दोन चिंचा, चारला एक निलगिरी. चार झाडं. प्लेटा मीच वाचल्या, दुसरं कुणी नव्हतंच. शाईत बघितल्या, बाटल्या भरल्या आणि लाल पेन्सिलीनं अक्षरं लिहिली. आर. डी. एक, आर. डी. दोन.

“तिला कळवायला हवं,” मी मॅडमना म्हणाले. “पत्र टाकू?”

त्यांनी आठवडाभर माझ्याकडं सरळ पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं. “पत्र नको. तू जा.”

रुक्मिणचं गाव एस.टी.नं दोन तासांवर. गावाबाहेर, कापणी झालेल्या एका रानात त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. बाभळीखाली तिचे आबा पाय पसरून बसले होते; एका घोट्याला हळदीचा लेप. ती दूर बांधावर काठी घेऊन उभी होती. सलवार-कमीज नव्हता, लुगडं होतं. मला पाहून ती जागची हलली नाही. मीच ढेकळांतून गेले.

“आलं,” मी म्हणाले. “चार झाडं. सात नंबर आलं. मॅडमनी तुझ्या नावानं वर रिपोर्ट पाठवलाय. चल बघायला. प्लेटा ठेवल्यात.”

तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. चेहरा हलला नाही, पण काठी दोनदा इकडून तिकडं झाली.

“कसं येऊ? आबाचा पाय मुरगळलाय. मेंढरं कुणावर सोडू?”

“मी बघते.”

“तुम्ही?”

“साडेदहाची एस.टी. आहे. संध्याकाळच्या गाडीनं परत ये. मी आहे इथं.”

ती माझ्या चपलांकडं, मग साडीकडं, मग मेंढ्यांकडं बघत राहिली. मग काठी माझ्या हातात दिली आणि बांधावरून जवळजवळ पळत सुटली.

त्र्याहत्तर मेंढ्या होत्या. मी “हो हो” केलं की त्या माझ्याकडं बघायच्या आणि उलट दिशेला जायच्या.

“ओ बाई!” आबा बाभळीखालून ओरडले. “पुढनं आडवू नगा! मागनं हाका! मागनं!”

दुपारी मी घामानं निथळत त्यांच्याजवळ येऊन बसले. त्यांनी तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“तुमीच का त्या साखरंवाल्या बाई?”

मी तांब्या खाली ठेवला. “हो,” मी म्हणाले.

“पोरीनं सांगितलं. च्यात बी जास्त घालता का?”

आणि ते हसायला लागले. मान मागं टाकून, तसंच, मोठ्यानं. मला रडू येईल असं वाटत होतं, पण मेंढ्या शेजारच्या उसाकडं निघाल्या होत्या आणि मला उठावं लागलं.

रुक्मिणची नवी ऑर्डर जूनमध्ये आली. पुढं आम्ही सतरा वर्षं एकाच टेबलावर काम केलं. मीडियाचं कपाट तिच्याकडं गेलं ते तिच्याकडंच राहिलं आणि मी त्याची किल्ली कधी मागितली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्टँडपासून चालत आली होती. बांधावर उभी राहून तिनं आधी मेंढ्यांवरून नजर फिरवली, मग माझ्यावरून.

“बघितल्या?” मी विचारलं.

“बघितल्या.”

“रंग चांगला आलाय ना? जांभळीचा तर अगदी...”

“ताई,” ती म्हणाली, “पाच हायेत.”

“चार. मी स्वतः वाचल्यात.”

“पाच. तेवीस नंबर, कोर्टामागचा लिंब. वरनं सगळी हिरवी बुरशी माजलीय, म्हणून तुम्ही सोडलीत. प्लेट उलटी करून, उजेडावर धरून खालनं बघितली का?”

नव्हती बघितली. चौदा वर्षांत हजारो प्लेटा वाचल्या असतील. बुरशी माजली की प्लेट बाद, हेच मला शिकवलं होतं आणि हेच मी पुढच्यांना शिकवलं होतं.

“बुरशीच्या खाली होता. एकच ठिपका. मॅडमनी शाईत बघितलं. वलय हाय. मॅडम इतक्या हसल्या म्हणता...” तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

ते जुनं, ओळखीचं जळणं पुन्हा जागं झालं. त्र्याहत्तर मेंढ्यांमागं दिवसभर धावून, साडीला काटे लावून, एवढं सगळं झाल्यावरही ते तिथं होतंच, जिवंत. मला त्याची लाज वाटली, पण नवल वाटलं नाही.

रुक्मिण माझ्या हातातली काठी घ्यायला पुढं आली होती. ती घेता घेता थांबली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

“शाबास,” मी म्हणाले. म्हणायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ ती थांबली.